तीन दिवे, तीन गोळ्या

मले टीबी झाला हे मले नीट समजायच्या आधी अर्ध्या गावाले समजलं होतं. मी दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन घरी येईपर्यंत शेजारच्या देवकाबाईनं आमच्या नळाखाली लावलेली आपली बादली उचलून नेली होती. बादलीले टीबी होत नाई, पण तिले कोण सांगन. तिचं तोंड पाहून मले खोकला नव्हता येत तरी मी दोनदा खोकलून दाखवलं.

मी सुलोचना. सेलूपासून पाच किलोमीटरवर आमचं गाव. नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये म्हणते आमच्याकडे, पण मी घेते. हरिदास. एक पोरगी, पौर्णिमा, तिले तळेगाव श्यामजीपंतले दिली. अन् घरामागं टिनाचं शेड, शेडात ताडपत्रीचे तीन गोल टाके, टाक्यात पंगास मासे. बचत गटानं सुरू केले होते. गट भांडणात फुटला, मासे माझ्याकडे राह्यले. आता गावात माशाचं काई विचारायचं असलं तं लोक माझ्याकडे येतात. हरिदासले कोणी विचारत नाई. काऊन, ते सांगतेच.

दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या पोरीच्या वयाची. तिनं मले वजनकाट्यावर उभं केलं अन् म्हणाली, "बेचाळीस किलो. ताई, रोज तीन गोळ्या. तिन्ही एकाच वेळी, सकाळी, उपाशीपोटी. एकही दिवस चुकवायचा नाही. दोन महिन्यांनी परत थुंकी तपासू."

मी म्हटलं, "मॅडम, माझी पोरगी पोटुशी आहे. पाचवा सरत आला. पहिलं बाळंतपण माहेरीच होते आमच्याकडे. आठवा लागला का मी तिले आणणार."

तिनं पेन खाली ठेवला. "थुंकी साफ आली तर आणा. नाही आली तर तिला आणायचं नाही, अन् तुम्हीही तिकडे जायचं नाही. तान्ह्या बाळाला हा आजार लवकर धरतो आणि वाईट धरतो."

बस, एवढंच मी ऐकलं. त्याच्यानंतर ती अजून पाच-दहा मिनिटं बोलली. गोळ्या कशा काम करते, काय त्रास होईन, लघवीचा रंग कसा होईन, सगळं सांगतलं म्हणे. मी मान डोलावून राह्यली होती, पण डोक्यात पाळणा होता. माझ्या भावाकडं माळ्यावर पडलेला तो पाळणा केव्हा आणायचा, त्याले दोरी नवीन लागन का, हे चाललं होतं. मले माझ्या नातवाले का नातीले पहिली आंघोळ माझ्या पायावर घालायची होती. खोटं काऊन सांगू, टीबीपेक्षा मले त्याचीच फिकीर होती.

तळेगावले मी टीबीचं सांगतलं नाई. इहीनबाई, म्हणजे पौर्णिमाची सासू रुख्माबाई, मोठी बोलकी बाई. लग्नात वरण पातळ होतं हे तिनं दोन वर्षं पुरवून पुरवून सांगतलं. तिले टीबी कळला तं पोरीले रोज टोमणे. म्हणून मी म्हटलं, छातीत कफ झाला. जावई अंकितलेही तेच. पौर्णिमाले मात्र खरं सांगतलं. ती म्हणाली, "आई, मले बाकी काई नको, तू गोळ्या नीट घे." मी म्हटलं, घेते ना बाई.

आता पंगासचं सांगते, नाई तं पुढचं समजणार नाई. पंगास दिसायले गुंडावाणी, मिशा-बिशा, पण एक नंबरचा भित्रा. आमच्या प्रशिक्षणाले जो साहेब आलता तो म्हणे, अंधारातल्या माशावर एकदम उजेड पाडू नका, त्याले ताण येते. आम्ही बाया हसलो. माशाले ताण येते म्हणे. आम्ही पाच वाजता उठून स्वयंपाक, निंदण, पोरं करतो, आमचा ताण पाहायले कोणता साहेब आला नाई.

पण साहेबाचं खरं होतं. एकदा दिवस बुडायच्या टायमाले हरिदासची चप्पल शेडात सापडत नव्हती. याच्याकडं मंडपवाल्याचा एक जुना हॅलोजन होता. त्यानं तो टाक्यावर टांगला अन् खटकन बटन दाबलं. पाणी उकळल्यासारखं झालं. मासे ताडपत्रीवर आदळून राह्यले, एकमेकावर आदळून राह्यले, काई तं उडून बाहेर पडले. एकेचाळीस मेले. जे वाचले त्याहिनं चार दिवस दाण्याले तोंड लावलं नाई. चप्पल अंगणातच होती. मी त्याले त्या दिवशी काय काय बोलली ते इथं सांगत नाई.

मंग मी माझी पद्धत बसवली. आधी कोपऱ्यातला झिरोचा बल्ब. पंधरा मिनिटं. मंग पिवळा बल्ब. अजून पंधरा मिनिटं. मंग ट्यूबलाइट. विझवायचं तेही असंच, उलटं. तेव्हापासून उजेडानं माझा एक मासा मेला नाई. हायवेवरच्या जाम गावच्या ढाबेवाल्यापर्यंत माझे पंगास जातात. मले वाटलं, दुनियेतली एक गोष्ट मले पक्की समजली. जित्या जीवाले काईही द्यायचं तं हळूहळू द्यायचं.

आता पाहा, पहिल्या दिवशी मी तीन गोळ्या एका घोटात गिळल्या. लालसर, चपट्या, भल्या मोठ्या. अर्ध्या तासात सगळं बाहेर. दुपारी लघवीले गेली तं नारिंगी. मले वाटलं आतून काई फुटलं. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी मी निंबाखाली खाटेवर पडली होती, डोकं गरगरून राह्यलं होतं, अन् मले एकदम सुचलं. अरे, हे तं हॅलोजन आहे. त्या डॉक्टरणीनं माझ्यावर खटकन हॅलोजन लावला.

दवाखान्यात जाऊन विचारायचं होतं. आता वाटते. तेव्हा वाटलं, ती पोरगी पुस्तकातून शिकली, मी एकेचाळीस मासे उचलून शिकली. मी चौथ्या दिवशी चाकू घेतला अन् गोळी पाटावर ठेवून चार तुकडे केले. पहिला आठवडा रोज पाव गोळी. उलटी नाई, गरगर नाई. दुसऱ्या आठवड्यात अर्धी. तिसऱ्यात पाऊण. दर सोमवारी पाव वाढवायची, अशी माझी पद्धत. आठ आठवड्यात दोन गोळ्यांवर येऊ, तिसरा महिना संपेपर्यंत पुऱ्या तीनवर. शरीराले पत्ताही लागणार नाई. उरलेले तुकडे मी माशाच्या दाण्याच्या रिकाम्या डब्यात टाकत गेली. फेकले नाई. औषध फेकायले मी काई येडी नाई.

आमच्या गावच्या आशा सेविका प्रमिलाबाई. दर सोमवारी यायच्या, रिकाम्या पट्ट्या मोजायच्या. पट्ट्या तं रिकाम्याच असायच्या, मी रोज तिन्ही गोळ्या काढत होती. प्रमिलाबाई म्हणायच्या, "सुलोचनाबाई, तुमच्यावाणी पेशंट पाह्यला नाई." मी म्हणायची, तुम्ही अजून काई पाह्यलं नाई. हरिदासले मी काई सांगतलं नाई. ज्याले हॅलोजन अन् बल्बातला फरक समजत नाई त्याच्यासोबत औषधाची चर्चा काय करायची.

अन् मले बरं वाटून राह्यलं होतं ना. महिन्यात खोकला अर्धा झाला. भूक लागायले लागली. दीड किलो वजन वाढलं. मी शेडात दिवे लावताना मनातल्या मनात हसायची. हरिदासनं समोरची खोली चुन्यानं रंगवली, डॉक्टरीण हवा-उजेड म्हणाली होती म्हणून खिडकी मोठी केली. पाळणा आला. दोरी खरंच नवीन लागली. मी डिंक आणला, खोबरं आणलं, अंकितले फोन करून पौर्णिमाले आणायची तारीखही सांगून टाकली.

दोन महिने झाले, थुंकी दिली. चौथ्या दिवशी बोलावलं. मी नवं लुगडं नेसून गेली, जसं काई मले शाळेत बक्षीस भेटणार होतं. प्रमिलाबाई सोबत.

डॉक्टरीण म्हणाली, "ताई, जंतू अजून दिसतात."

मी म्हटलं, "चष्मा पुसून पाहा."

ती हसली नाई. "दोन महिने रोज तीन गोळ्या घेऊन एवढे जंतू राहायला नको. एक तर तुम्ही गोळ्या घेतल्या नाहीत, नाही तर जंतू औषधाला दाद देत नाहीत. तसं असलं तर दुसरी औषधं, जास्त जड, अन् किती महिने ते आत्ता सांगता येत नाही."

मले असा राग आला का विचारू नका. मी म्हटलं, "मॅडम, तुमचं औषधच फालतू आहे. मी एक दिवस चुकवला नाई. विचारा प्रमिलाबाईले."

प्रमिलाबाई म्हणाल्या, "पट्ट्या मी सोता मोजल्या मॅडम. एकही गोळी शिल्लक नव्हती."

"शिल्लक कशी नव्हती," मी म्हटलं. "शिल्लक आहे ना." अन् मी पिशवीतून डबा काढला. मी तो घेऊनच गेलती. मले वाटलं होतं रिपोर्ट साफ आला का मॅडमले दाखवीन, म्हणीन, पाहा, तुमचं एवढं औषध मी वाचवलं, दुसऱ्या पेशंटले द्या. मी झाकण उघडून डबा टेबलावर ठेवला. आत लाल तुकडे, वरपर्यंत. माशाच्या दाण्याचा वास आला.

प्रमिलाबाईनं पदर तोंडाले लावला. मंग मी सगळं सांगतलं, पाव, अर्धी, पाऊण, सोमवार, एकेचाळीस मासे, झिरोचा बल्ब. अभिमानानं सांगतलं. डॉक्टरणीनं मधे तोडलं नाई. शेवटी तिनं विचारलं, "ताई, दिवा हळूहळू का वाढवता?"

"मासे मरू नये म्हणून."

"हळूहळूनं काय होतं?"

"त्याहिले सवय होते उजेडाची. मंग कितीही उजेड केला तरी त्याहिले काई होत नाई. जगतात आरामात."

एवढं बोलली अन् मी डब्याकडं पाह्यलं. गोळी कोणासाठी होती? माझ्यासाठी होती का? गोळी त्या जंतूवर टाकायची होती. खटकन. हॅलोजन लावूनच. एकेचाळीसचे एकेचाळीस मारायचे होते. अन् मी दोन महिने त्याहिच्यासाठी झिरोचा बल्ब लावून बसली होती. मी माझ्या छातीत त्या मुडद्याहिले पंगासवाणी पोसलं.

मॅडमनं डबा बंद केला. हळू आवाजात म्हणाली, "पहिल्याच दिवशी उलटीचं सांगायचं होतं ताई. उलटी थांबायची गोळी असते. रोजच देतो आम्ही."

मी त्या बाकावर बसून रडली. लोक पाहून राह्यले होते, पाहू दे म्हटलं.

थुंकी मोठ्या मशीनवर तपासायले गेली, जंतू दाद देते का नाई पाहायले. ते दिवस माझे कसे गेले ते मले विचारू नका. पौर्णिमाले फोन केला. ती आधी समजलीच नाई. मंग समजली. म्हणाली, "आई, तुले माशाहिचं सगळं समजते. मी तं फक्त गोळ्या नीट घे म्हटलं होतं." ओरडली असती तं बरं झालं असतं. तिनं फोन ठेवला अन् चार दिवस उचलला नाई.

घरी हरिदासले सांगणं राह्यलं होतं. मले वाटलं आता हा एकेचाळीस माशाचा बदला घेईन. त्यानं सगळं ऐकलं, रंगवलेल्या खोलीत जाऊन पाळण्याची दोरी सोडली, पाळणा भिंतीले टेकवून ठेवला. जेवताना एवढंच म्हणाला, "उद्यापासून तीन. मी समोर बसतो." त्या माणसाले मी आयुष्यभर ठोंब्या म्हटलं. अजूनही म्हणते, पण त्या दिवशी म्हटलं नाई.

मंग उरल्या इहीनबाई. पोरीले तिकडंच ठेवा म्हणायचं तं कारण सांगणं भाग होतं. मी फोन लावला, जयभीम केला, अन् एका श्वासात सांगून टाकलं. कफ नाई, टीबी आहे. औषधाचा दोष नाई, माझाच आहे. गोळ्या मी कापून खाल्ल्या.

मंग रुख्माबाई म्हणाल्या, "पोरगी इथंच राहीन, त्याची फिकीर करू नका. पण सुलोचनाबाई, खोटं काऊन बोलल्या? कफ म्हटला म्हणून मी अंकितच्या हातानं दर पंधरवड्याले अडुळशाचा काढा पाठवून राह्यली होती. दोन-दोन तास उकळून."

मी तो काढा दर वेळी मोरीत ओतला होता. वरणाचा राग होता ना. मी म्हटलं, "चुकलं माझं." हे दोन शब्द मी त्या बाईले कधी म्हणीन असं कोणी सांगतलं असतं तं मी त्याले येड्याच्या दवाखान्यात पोचवलं असतं.

मशीनचा रिपोर्ट आला. जंतू दाद देत होते. नशीब म्हणा, नाई तं ते जंतूही माझ्यावाणीच मठ्ठ असतीन. मॅडम म्हणाली, औषध तेच, पण मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. रोज सकाळी सहाले प्रमिलाबाई दारात. मी तिन्ही गोळ्या गिळायची, त्या म्हणायच्या "आ करा," मी आ करायची, त्या जिभेखाली पाहायच्या. विश्वास म्हणून राह्यला नव्हता, अन् राह्यला नव्हता तं बरोबरच होतं. त्याहिच्यामागं हरिदास उभा राहून वाकून पाहायचा. आधी उलटीची गोळी, मंग ह्या तीन. पहिले आठ दिवस पोट ढवळलं. ढवळू दे म्हटलं. लघवी नारिंगी झाली का मी खुश व्हायची, का चला, आत हॅलोजन लागला.

महिना झाला. सोमवारी थुंकी द्यायची होती अन् शनिवारीच अंकितचा फोन आला. पौर्णिमा पंधरा दिवस आधीच मोकळी झाली. पोरगी झाली, दोघी बऱ्या आहेत. हरिदास नाचायचाच राह्यला. मी थुंकी देऊन आली अन् मॅडमले हात जोडले. ती म्हणाली, "रिपोर्ट बुधवारी. तोपर्यंत बाळाच्या घरात पाय ठेवायचा नाही. फारच वाटत असेल तर अंगणातून पाहून या, मास्क लावून, दहा फूट लांबून."

मंगळवारी मी सेलूवरून वर्धा, वर्ध्यावरून आर्वी, आर्वीवरून तळेगाव, तीन बसा बदलून गेली. त्याहिच्या अंगणात आवळ्याच्या झाडाखाली उभी राह्यली. रुख्माबाई पोरीले घेऊन दारात आल्या. मागं पौर्णिमा, डोक्याले फडकं बांधून, चौकटीले धरून. माझ्याकडं पाहत नव्हती.

बाळ लहानसं, लालबुंद, मुठी आवळलेल्या. मले दहा फुटावरून नाकच दिसलं. नाक आमच्या घराण्याचं होतं, बिचारीचं.

रुख्माबाईनं माझं तोंड पाह्यलं. मास्कावरून काय दिसलं असन ते असन. म्हणाल्या, "महिनाभर पुऱ्या गोळ्या खाल्ल्या ना तुम्ही? मास्क आहे तोंडाले. या, जरा जवळ या. निस्तं बोट लावा पायाले. मंग पाहू."

मी दोन पावलं गेली. खरं सांगते, गेली. हात पुढं झाला होता. त्या पोरीचा पाय दुपट्यातून बाहेर आलता, अंगठ्याएवढा. आज बोट लावीन. मंग हातात घेईन, एकच मिनिट. मंग मास्क जरा खाली, पापा घ्यायले. हे थोडं थोडं कुठं नेते ते माझ्यापेक्षा कोणाले जास्त माहीत होतं.

मी मागं सरली. "नाई इहीनबाई," मी म्हटलं, "घेईन तं पुरी घेईन, दोन्ही हातानं. नाई तं नाई."

तेव्हा पौर्णिमानं माझ्याकडं पाह्यलं. त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाह्यलं. तिनं सासूच्या हातून बाळ घेतलं, उंबऱ्यावर बसली, अन् दुपटं सोडून मले तिचे हात, पाय, पाठ, कान, सगळं एक-एक करून दुरूनच दाखवलं. मी आवळ्याखाली मातीत बसून पाह्यलं. मास्क पुरा ओला झाला. शेवटच्या बसची वेळ होईपर्यंत आम्ही तशाच बसून होतो.

बुधवारी रिपोर्ट साफ आला. मी तिथंच विचारलं, आता घेऊ का? मॅडम म्हणाली, घ्या, पण गोळ्या पुऱ्या होईपर्यंत चालू.

गुरुवारी सकाळी प्रमिलाबाईले साडेपाचलेच बोलावलं, तीन गोळ्या गिळल्या, आ केलं, अन् पहिल्या बससाठी निघाली. हरिदास पिशवी घेऊन मागून येऊन राह्यला होता. म्हणे, "हळू चाल ना, बस यायले टाईम आहे."

मी म्हटलं, "हळू तुम्ही चाला."